मऊ फोम भरला की सीट आरामदायक होते, हे खरं नाही

बायकर ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, की लांबच्या राइडला बूड दुखतं कारण कंपनीची सीट कडक असते, तो फोम काढून जाड मऊ फोम भरा, वर जेलचा पॅड टाका, आणि तुमची उंची कमी असेल तर फोम तासून घ्या. हे वाचून लोक नव्याकोऱ्या गाडीच्या सीटा फाडून घेतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जितकं मऊ तितकं आरामदायक." दुकानात दोन मिनिटं बसाल तर वाटेलच तसं. पण बसल्यावर आपला बराचसा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येतो, मऊ फोम तिथे तासाभरात पूर्ण दबतो आणि मग हाडं जवळजवळ खालच्या प्लास्टिकच्या बेसवरच टेकतात, वर बाजूचा फोम फुगून मांड्यांच्या आतल्या नाजूक भागावर दाब देतो आणि मुंग्या यायला लागतात. लांबच्या राइडची चांगली सीट अंगठ्याने दाबली तर जरा कडकच लागते. आणि फोमची डेन्सिटी (म्हणजे तेवढ्याच आकाराच्या फोमचं वजन किती) वेगळी, कडकपणा वेगळा, दोन्ही विचारा, कारण कमी डेन्सिटीचा फोम आज कितीही छान वाटला तरी लवकर दबून बसतो. मेसेजमध्ये आकाराबद्दल तर एक शब्द नाहीये! सीट मागे पसरट पाहिजे म्हणजे त्या हाडांना नीट टेकू मिळतो, पुढे निमुळती पाहिजे, आणि पुढे उतार नको, नाहीतर प्रत्येक ब्रेकला तुम्ही टाकीवर सरकणार आणि सगळा भार मनगटांवर येणार.

"जेल टाकलं की काम झालं." जेलने दाब थोडा पसरतो, हे खरंय. पण खालचा फोमच बसलेला असेल तर जेल काय करणार? शिवाय मे महिन्यात गाडी उन्हात लावली की जेल तापतं आणि लवकर गार होत नाही.

"उंची कमी असेल तर फोम तासा." हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ची सीट जमिनीपासून 805 मिमी उंच, स्प्लेंडरची 785, म्हणजे फरक फक्त 20 मिमी, पण तेवढा फोम बसायच्या जागेवरून काढला तर उशी नेमकी हाडांखाली पातळ होते आणि गुडघे अजून दुमडतात. पाय टेकत नसतील तर आधी पुढच्या दोन्ही कडा तासून घ्या, मांड्या कमी फाकतात आणि पाय सरळ खाली जातो. काही गाड्यांना तर उंची बदलायची सोयच असते, हिमालयन 450 ची सीट 825 किंवा 845 मिमीवर लावता येते, ते आधी बघा ना.

"दुखतंय म्हणजे सीटच खराब." दर वेळी नाही. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) वजनाप्रमाणे लावलेला नसेल, हँडल लांब पडत असेल, जीन्सची जाड शिवण बुडाखाली येत असेल, तरी दुखतं. पुणे-गोवा एका दमात मारायचं आणि सीटला शिव्या द्यायच्या हे बरोबर नाही, तासा-दीड तासाने उतरून पाय मोकळे कराच.

एवढं करूनही सीट बदलायचीच असेल तर कव्हरवर बैठकीच्या जागी डिझाइनची शिलाई घेऊ नका, पावसात पाणी तिथूनच फोममध्ये उतरतं. आणि कंपनीचा मूळ फोम सीटवाल्याकडे सोडून येऊ नका, तसाच घरी आणा. नवीन सीट दोन-तीन तासांच्या राइडला जमली नाही तर तोच परत बसवता येईल.