क्रिप्टोचा विमा ‘आपोआप’ मिळत नाही, आधी मतदान होतं

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपमधून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘क्रिप्टोत पैसे बुडायची भीती संपली. आता विकेंद्रित विमा आलाय. ना कंपनी, ना एजंट. हॅक झालं की कोड आपोआप भरपाई देतो, क्लेम कोणी नाकारू शकत नाही. चोरी, हॅक, एक्सचेंज बंद पडणं, सगळं कव्हर. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांचा विमा असतो, तसाच हा.’

नाशिकच्या माझ्या आतेभावाने तो वाचून लगेच फोन केला, ‘दादा, घेऊन टाकू का?’ त्याचे दीडेक लाख रुपये क्रिप्टोत आहेत, ओव्हरटाइम करून साठवलेले. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. या व्यवस्थांवर माझा राग नाही. त्यांनी लोकांचे पैसे खरोखर भरून दिलेत, ते पुढे येईलच. पण या मेसेजवर विसंबून कोणी निर्धास्त झालं तर ते मला बघवणार नाही.

‘कोड आपोआप भरपाई देतो’ इथेच सगळ्यात मोठी गफलत आहे. या क्षेत्रातलं सर्वांत जुनं आणि मोठं नाव म्हणजे नेक्सस म्युच्युअल. ह्यू कार्प यांनी ते ब्रिटनमध्ये उभं केलं आणि मे २०१९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे काही गावांत, समाजांत मयत फंड असतो ना, त्याची आठवण यावी अशी ही रचना आहे. सगळे वर्गणी टाकतात, ज्याच्यावर वेळ येते त्याला त्यातून देतात, आणि द्यायचं की नाही हे सभासद ठरवतात. पैसे देणं सभासदांच्या मर्जीवर आहे, संस्थेवर तसं कायदेशीर बंधन नाही, हे त्यांच्या नियमांतच आहे. म्हणूनच ते स्वतः ‘इन्शुरन्स’ हा शब्द टाळतात आणि ‘कव्हर’ म्हणतात. या पद्धतीत क्लेम आला की त्यावर मतदान होतं. कोड ती मतं मोजतो आणि निकालाप्रमाणे पैसे सोडतो, एवढंच.

आता ‘क्लेम कोणी नाकारू शकत नाही’ याचं बघू. १२ मार्च २०२० ला करोनाच्या धास्तीने बाजार कोसळला, ईथर या क्रिप्टो नाण्याचा भाव एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरला. मेकरडाओ या कोडवर चालणाऱ्या कर्जसेवेत लोकांनी ईथर तारण ठेवून कर्ज काढलं होतं. तारणाची किंमत घसरली तशी ती खाती लिलावात निघाली. पण नेटवर्क तुंबलेलं, फी आकाशाला भिडलेली, त्यामुळे बोली लावणारेच पोचले नाहीत. काहींनी शून्य बोलीवर तारण उचललं. कर्जदारांचं सुमारे ८३ लाख डॉलरचं नुकसान झालं. नेक्ससचं कव्हर असलेल्यांनी क्लेम टाकले आणि ते नामंजूर झाले. कारण कोडमध्ये चूक नव्हती, लिलाव लिहिल्याबरहुकूम चालला होता. कव्हर होतं ते कोडमधल्या दोषाचं, तुमच्या नुकसानीचं नव्हे. पुढच्या वर्षी नेक्ससने अटी रुंदावल्या आणि अशा रचनेतल्या दोषांनाही जागा दिली. पण ज्यांचं तारण गेलं होतं त्यांच्यासाठी जुन्याच अटी लागू होत्या.

जे मिळालं तेही सांगायला हवं. फेब्रुवारी २०२१ मध्ये यर्न फायनान्स या क्रिप्टो गुंतवणूक सेवेच्या एका व्हॉल्टमधून, म्हणजे सामायिक निधीतून, सुमारे १.१ कोटी डॉलर गेले, तेव्हा नेक्ससने चौदा क्लेमपोटी २४ लाख डॉलरच्या आसपास दिले. मे २०२२ मध्ये टेराचं यूएसटी, म्हणजे एका डॉलरला बांधलेलं क्रिप्टो नाणं, कोसळलं, तेव्हा इन्शुरएस या कव्हर देणाऱ्या दुसऱ्या व्यवस्थेने एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम वाटली. पण त्याच वेळी क्लेम टाकायची मुदत पंधरा दिवसांवरून सातवर आणली आणि त्यावरून टीकाही ओढवून घेतली. टेराच्या पडझडीत बुडालेली एकूण रक्कम ४० अब्ज डॉलरच्या घरात सांगितली जाते. या दोन आकड्यांतलं अंतर बघितलं की हे कवच किती लोकांपर्यंत पोचतं ते कळतं.

‘सगळं कव्हर’ या दाव्यासाठी मी आतेभावाला शेजारी बसवून एका कव्हरच्या अटी मोबाइलवरच वाचल्या. दोन गोष्टी समोर आल्या. एक, कव्हर ठरावीक नावाचं असतं: हा प्रोटोकॉल (म्हणजे कोडवर चालणारी अमुक एक सेवा), हे एक्सचेंज, एवढे दिवस, एवढी रक्कम. दुसरी, वगळलेल्या गोष्टींची यादी. फसवी लिंक उघडून पैसे गेले, वॉलेटची ‘प्रायव्हेट की’ म्हणजे गुप्त चावी चोरीला गेली, कॉम्प्युटरमध्ये मालवेअर शिरलं, तर काही मिळणार नाही. वॉलेट ज्या बारा गुप्त शब्दांनी कुठूनही उघडता येतं, त्याबद्दल मी त्याला विचारलं, ‘तुझे बारा शब्द कुठे आहेत?’ त्याने गॅलरी उघडली. मुलीच्या गॅदरिंगचे फोटो आणि गॅसचं बिल यांच्या मध्ये वॉलेटच्या बारा शब्दांचा स्क्रीनशॉट होता, क्लाउडवर बॅकअप झालेला. त्याचे पैसे ज्या वाटेने जायची सर्वांत जास्त शक्यता होती, तीच वाट कव्हरच्या बाहेर होती.

आणि हे जाणकारांच्याही बाबतीत घडतं. १४ डिसेंबर २०२० ला खुद्द ह्यू कार्प यांच्या वैयक्तिक वॉलेटमधून नेक्ससचे ३,७०,००० एनएक्सएम टोकन (क्रिप्टो नाणी) गेले, तेव्हाच्या भावाने सुमारे ८० लाख डॉलर. चोराने त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून मेटामास्क हे वॉलेटचं सॉफ्टवेअर बदललं होतं आणि भलत्याच व्यवहारावर त्यांची सही घेतली. संस्थेच्या निधीला धक्का लागला नाही, पण ज्याने हे कव्हर घडवलं त्याचं घर असं फुटलं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २८ डिसेंबरला, कव्हर प्रोटोकॉल नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेतल्या दोषामुळे कोणीतरी हवे तेवढे टोकन छापले आणि भाव कोसळला. सप्टेंबर २०२१ मध्ये तो प्रकल्पच बंद झाला.

बँकेशी केलेली तुलना मला सर्वांत जास्त खुपते. पीएमसी बँकेच्या बाहेर रांगा लागल्या तो सप्टेंबर २०१९ महाराष्ट्र विसरलेला नाही. सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. त्या वेळी ठेव विमा एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध आले की ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम द्यायची असं ठरलं. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला वेगळं काही घ्यावं लागत नाही. नेक्ससच्या एक्सचेंजसाठीच्या कव्हरमध्येही ९० दिवस होते, पण उलटे: पैसे काढणं ९० दिवस बंद राहिलं तर त्यानंतर क्लेम करता येणार. एफटीएक्स हे परदेशी क्रिप्टो एक्सचेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडालं, क्लेमची वेळ यायला फेब्रुवारी उजाडला. तेव्हा कव्हर असलेल्यांना पैसे मिळाले, हेही खरं. पण क्लेम नाकारला तर पुण्या-मुंबईच्या विमा लोकपालाकडे जायची सोय इथे नाही, कारण हा आपल्या कायद्यातला विमाच नाही. शिवाय काही देशांतल्या रहिवाशांना सभासदत्वच मिळत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी ती यादी तपासा.

वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजमधून १८ जुलै २०२४ ला सुमारे २३.५ कोटी डॉलर गेले, तेव्हा मुंबईपासून खेड्यापाड्यापर्यंत लोकांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकले. वर आपला आयकर: क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, आणि तोटा कशातूनच वजा करता येत नाही. अशा माणसाला ‘भीती संपली’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. एखाद्याची मोठी रक्कम एकाच प्रोटोकॉलमध्ये असेल आणि त्याने अटी ओळीओळीने वाचल्या असतील, तर त्याने कव्हर जरूर घ्यावं.

आतेभावाने घेतलं नाही. आम्ही त्याच संध्याकाळी नवं वॉलेट उघडलं, पैसे तिकडे हलवले आणि नवे बारा शब्द कागदावर लिहिले. तो कागद आता आत्याच्या कपाटात, तिच्या एफडीच्या पावत्यांबरोबर आहे.