गाडी तापण्याचं कारण एकच नसतं

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. गाडी गरम होते ती फक्त पाणी कमी झाल्यामुळे. तापमानाचा काटा वर गेला की रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका, कटकट मिटेल. कूलंट (रेडिएटरमध्ये भरायचं खास द्रव) हा पैसे उकळायचा धंदा, नळाचं पाणी पुरतं. चारही गोष्टी चूक आहेत, पण झाकणाची गोष्ट माणसाला भाजणारी आहे, म्हणून आधी ती.

पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी ११५ अंशांवरही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात उसळून तोंडावर, हातांवर येतं. खंबाटकीच्या चढावर काटा लाल रेघेकडे निघाला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा, सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. निदान अर्धा तास थांबा. रेडिएटरचा वरचा होज पाइप (रबरी नळी) हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला (इंजिनच्या सिलिंडरवरच्या भागाला) तडा जाऊ शकतो, तेही वेगळंच.

आता ‘कारण एकच’. गाडी केव्हा तापते, हे आधी बघा. निम्मं निदान तिथेच होतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि मोकळा रस्ता लागला की उतरतो? मग संशय फॅनवर. गाडी जागेवर उभी ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन थोड्याच वेळात फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग, मग मोटर, या क्रमाने तपासायला सांगा. मेकॅनिकने थेट मोटर बदलायला घेतली तर आधीचं तपासलं का, हे जरूर विचारा.

उलट, शहरात ठीक आणि दिवे घाटात तापते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. नळ्या आतून क्षाराने चोंदलेल्या, जाळीत चिखल आणि किडे, वॉटर पंप थकलेला, नाहीतर थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. काटा वर आहे आणि हीटरमधून मात्र गार हवा येते? तेव्हा पाणी खरंच कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल. मेसेजमधलं कारण खरं ठरतं ते अशा वेळी.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर तापमानाला येत नाही. पेट्रोल जास्त जळतं, ऑइल लवकर खराब होतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी आणखी तापते. बिघडला असेल तर नवा बसवा. नाना पेठेत बहुतेक मॉडेलचे मिळतात.

नळाच्या पाण्याचं म्हणाल, तर अडचणीत गॅरेजपर्यंत पोचायला ते चालेल, इंजिन निवल्यावर. कायमचं नको. वाघोली-उंड्रीकडच्या बोअर-टँकरच्या जड पाण्याने बादल्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट उकळबिंदू वाढवतं आणि ॲल्युमिनियमला गंज धरू देत नाही. रंग बघून घेऊ नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.

राहिलं दर आठवड्याला पाणी भरत राहणं. खाली थेंब नाही, तरी पातळी उतरते. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. ऑइल दुधाळ दिसतं. गार इंजिन सुरू केल्यावर लगेच होज कडक होतो. यातलं काही दिसलं तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेल्याची शंका घ्या आणि गाडी टो करून न्या. तशीच पळवली तर हेड वाकतं, मग गॅस्केटच्या खर्चात फेसिंगचाही (हेड घासून सपाट करण्याचा) खर्च येतो.