पोळ्यावाल्या मावशींचं पाचचं नाणं

सकाळपासून डोकं फिरलंय, लिहिल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल, आधीच सांगते.

आमच्या पोळ्यावाल्या मावशी आज कणकेला हात लावायच्या आधी रुमालाची गाठ सोडत बसल्या. आत पाच रुपयांचं नाणं, ते जुनं, जाड, नऊ ग्रॅमवालं. म्हणाल्या, "ताई, तुमच्या वडलांना नाण्यातलं कळायचं ना, जरा बघा की. पोरानं साडेतीन हजाराला घेतलंय मोबाईलवरनं. लाखी हाय म्हणं, पुढं लाखाला जातंय." लाखी या नावाचाच हा घोळ आहे. लाखी म्हणजे लाखाचं असं कोणालाही वाटणारच ना?

तर खरी लाखी, म्हणजे टांकसाळीतच चुकीची छाप बसलेलं नाणं, कशी होते? टांकसाळीत ठसा मारलेलं नाणं कधीतरी खाली पडतच नाही, वरच्या नाहीतर खालच्या साच्याला चिकटून बसतं. मग पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला साचा लागतो आणि दुसऱ्या बाजूला हे चिकटलेलं नाणं. म्हणजे एकीकडे सिंह नेहमीसारखे उठावदार आणि दुसरीकडे तेच सिंह उलटे, आरशात दिसतात तसे आणि आत खोल गेलेले. पाचचा आकडा मुळात तिथे उमटलेलाच नसतो.

मावशींच्या नाण्यावर उलटे सिंह होते, पण तिरके, एका अंगाला सरकलेले, आणि त्यांच्या खालून पाचचा आकडा चक्क दिसत होता, चेपलेला. पलीकडच्या सिंहांची डोकी सपाट झालेली. दोन नाणी एकमेकांवर ठेवून वर्कशॉपच्या व्हाईसमध्ये आवळली की झालं, पाच मिनिटांचं काम. आणि त्याचे साडेतीन हजार! मावशी महिन्याला आमच्याकडून किती घेतात ते मला माहीत आहे, म्हणून तर जास्त संताप आला.

आता माझी गोष्ट. मी साधारण दहा वर्षांची असेन, मिरजेला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, किराणा दुकान. मी आणि चुलतभावानं एक रुपया रुळावर ठेवला (हो, मूर्खपणा होता, आणि रुळाजवळ जायचंच नसतं, पोरांनो वाचत असाल तर तिकडे फिरकू नका). गाडी गेली, नाणं पानासारखं चपटं. मी शहाणी, ते गल्ल्यातल्या चिल्लरीत टाकलं आणि संध्याकाळी अण्णांसमोर "अय्या, हे बघा काय मिळालं, मिंट एरर!" (म्हणजे टांकसाळीत चुकलेलं नाणं.) अण्णांनी काही न बोलता छोट्या तराजूत टाकलं. वजन जवळपास बरोबर भरलं, मी खूश. मग नाणं माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "ह्याची कड कुठं गेली, सांग."

बास, एवढंच. मला उत्तर देता येईना. साच्याभोवती एक कडं असतं, ठसा बसताना धातू बाहेर पसरू नये म्हणून. त्यामुळे नाणं गोल राहतं आणि त्याची कड नीट उठते. खरी चूक असली तरी ती एका फटक्याच्या वेळची असते, धातू कुठे वाहिला, कुठे अडला याचा हिशोब लागतो. रुळावरच्या रुपयात आधी पूर्ण नाणं झालेलं, मग त्याच्यावर अत्याचार.

नंतर त्यांनी गल्ल्याच्या कप्प्यातून गेंड्याचं पंचवीस पैशांचं नाणं काढून दाखवलं होतं, कड कोणीतरी चावून खाल्ल्यासारखी. म्हणाले, अंगठा फिरव, जिथं तुटलंय त्याच्या बरोब्बर समोरची कड बघ. ती मऊ, पुसट, धड उठलेलीच नाही. चकतीच अर्धवट कापून आलेली असली की समोरच्या बाजूला धातूवर पुरेसा दाब बसत नाही. कानशीनं घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. ही चार आणेवाली नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण ते मी अजून ठेवलंय. रुळावरचा रुपयाही ठेवलाय, त्याच डबीत.

मला माहितीये, आता कोणीतरी म्हणेल की खऱ्या एरर नाण्याला हौशी लोक पैसे देतातच की. देतात. मान्य. पण "साच्याला तडा" म्हणून जी बारीक उठलेली रेघ दाखवतात ती ढिगानं सापडते हो! आणि दहाच्या नाण्याचा मधला भाग हातोडीनं पाडून फिरवून बसवलेला विकतात. अरे, त्या नाण्याचं बाहेरचं पिवळं कडं आणि मधला भाग एकाच फटक्यात ठोकतात, मग अक्षरं आणि चित्र एका रेषेत नकोत? शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, विकणारे तर त्याहून भारी. "छाप सरकलेली, दुर्मिळ एरर" म्हणे. हातानं ठोकलेलं नाणं, चकती साच्यापेक्षा लहान, "श्री राजा शिव" अख्खं मिळणं हेच कठीण. छाप सरकलेलीच असायची!

वैष्णोदेवीच्या नाण्याचे मेसेज आठवतात? २०१२ ची ती पाचची-दहाची नाणी घरात असतील तर लाखो मिळतील वगैरे. रिझर्व्ह बँकेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगावं लागलं की आमचं नाव वापरून जुनी नाणी घेणारे-विकणारे फसवतायत, आमचा काही संबंध नाही. कोण वाचतं ते. मावशींचा मुलगा तर नक्कीच नाही, त्याला रील दिसतात.

आधी मी त्या पोरावर चिडले होते. एवढी अक्कल नाही का वगैरे. पण लिहिता लिहिता वाटतंय, मी तरी काय केलं होतं? चेपलेलं नाणं गल्ल्यात टाकून बापाला एरर म्हणून दाखवलं. फरक एवढाच की माझ्यासमोर तराजू घेऊन अण्णा बसले होते आणि माझा एकच रुपया गेला.

मावशींना सांगितलं तेव्हा रडल्या वगैरे नाहीत. थोडा वेळ नाण्याकडे बघत राहिल्या आणि विचारलं, "मग पाच रुपयाला तरी चालंल का?" दुकानदार कटकट करेल म्हटलं, मी देते पाच. नको म्हणाल्या, रुमालात परत गाठ मारली आणि परात ओढली. पोळ्या आज जरा जाड झाल्या.

मुलाला रविवारी पाठवा म्हटलंय. अण्णांचं भिंग आणि ती डबी काढून ठेवलीये, गेंड्याच्या आधी माझा चपटा रुपया त्याच्या हातात देणार आहे.