सिस्टच्या आतला अमिबा मेलेला नसतो

काल रात्री आत्याचा निरोप आला, "हे वाच. मी गोळ्या बंद केल्यात." खाली अनेकदा फॉरवर्ड झालेला एक मजकूर होता. त्याचं म्हणणं असं: प्रतिकूल काळात एकपेशीय जीव आपलं केंद्रक विरघळवून टाकतात, म्हणून शौचाच्या तपासणीच्या अहवालात 'सिस्ट' (जंतूचं भिंतीआडचं सुप्त रूप) दिसल्या तर ती मेलेल्या जंतूंची टरफलं समजा आणि औषध थांबवा, झोपेत त्यांची जनुकं पुसली जातात, क्लोरीननं सगळे जंतू मरतात, आणि बीजाणू (काही जिवाणूंचं चिवट सुप्त रूप) उकळूनही जगतात, तेव्हा पाणी उकळणं व्यर्थ आहे.

पहिल्या मुद्द्यानं माझ्या घरातल्या माणसाचं औषध थांबवलं, म्हणून आधी तोच घेते.

आवेचा अमिबा, म्हणजे एन्टामीबा हिस्टोलिटिका, आतड्यात हिंडताना एका केंद्रकाचा असतो. सिस्ट बनताना तो अंगाभोवती भिंत बांधतो आणि आतलं केंद्रक दोनदा विभागतं. एकाची दोन, दोनाची चार. पूर्ण वाढलेल्या सिस्टमध्ये चार केंद्रकं असतात. केंद्रक विरघळणं तर सोडाच, ते चौपट होतं! आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की ती दिसतात, आणि ती मोजूनच सिस्ट ओळखतात: या अमिबाची चारपर्यंत, निरुपद्रवी एन्टामीबा कोलायची बहुधा आठ. केंद्रकं विरघळत असती, तर प्रयोगशाळेत बसलेली माणसं मोजतात काय? ही सिस्ट जठरातल्या आम्लातून सहीसलामत पुढे जाते, लहान आतड्यात फुटते, चार केंद्रकं आणखी एकदा विभागतात आणि एकातून आठ अमिबा तयार होतात. तिला टरफल म्हणणं म्हणजे बीला कचरा म्हणणं.

आत्याला या अमिबामुळे रक्ती आव झाली होती. अशा वेळी औषध दोन टप्प्यांत देतात, कारण मेट्रोनिडॅझोल आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या अमिबांना मारतं, पण आतड्याच्या पोकळीत उरलेल्या सिस्टपुढे ते तोकडं पडतं. त्यांच्यासाठी नंतर डायलोक्सॅनाइड किंवा पॅरोमोमायसिन असतं. आत्यानं बंद केल्या त्या नेमक्या या दुसऱ्या टप्प्यातल्या गोळ्या.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करते. सिस्ट दिसल्या म्हणजे आजार आहेच, असं नाही. एन्टामीबा डिस्पार हा निरुपद्रवी अमिबा अगदी तशाच चार केंद्रकांच्या सिस्ट बनवतो आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकानं दोघांत फरक करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 मध्ये मेक्सिको सिटीत बोलावलेल्या तज्ज्ञांनी म्हणूनच सांगितलं, की केवळ सिस्ट दिसल्यावर सरसकट उपचार नकोत. पण हिस्टोलिटिका असल्याचं ठरलं, तर लक्षणं नसली तरी उपचार करा. यातलं पहिलं अर्धं वाक्य कुणीतरी उचललं आणि दुसरं टाकून दिलं, असं मला वाटतं. अमिबामुळेच रक्ती आव होऊन गेलेल्या माणसाला डिस्पारची सबब लागू होत नाही.

आता जनुकं पुसण्याबद्दल. सुप्तावस्थेत केंद्रकाची रचना बदलते, हे खरं आहे आणि ते फार सुंदर आहे. यीस्टची उपासमार झाली की क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि त्याला बांधून ठेवणारी प्रथिनं, घट्ट होतं, बहुतेक जनुकं गप्प होतात. एरवी केंद्रकाच्या कडेला असणारी गुणसूत्रांची टोकं दीर्घकाळ टिकणाऱ्या सुप्त पेशींत मध्यभागी एकत्र येतात, हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. कोल्पोडा नावाचा एकपेशीय जीव तर सिस्ट बनताना मोठ्या केंद्रकातल्या क्रोमॅटिनचा काही भाग बाहेर टाकतो. पण त्या केंद्रकात जनुकांच्या अनेक प्रती असतात आणि वारसा जपणारं छोटं केंद्रक वेगळंच असतं. गप्प होणं आणि पुसलं जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खायला मिळालं की यीस्ट पुन्हा तेच यीस्ट असतं.

क्लोरीनचा मुद्दा साफ चूक. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा एकपेशीय परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पोहण्याच्या तलावातही आठवड्याहून अधिक जगतो.

बीजाणूंचं म्हणाल, तर जिवाणूंना मुळात केंद्रकच नसतं. त्यांच्या बीजाणूंत डीएनएला छोटी प्रथिनं वेढून असतात. काही बीजाणू उकळूनही टिकतात, हे खरं. पण कॉलरा आणि टायफॉइडचे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, आणि अमिबाच्या सिस्ट उकळत्या पाण्यात मरतात. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट, 2000 मीटरपेक्षा उंचावर 3 मिनिटं, एवढं पुरतं.

आत्याशी सकाळी बोलले. किती दिवसांच्या गोळ्या चुकल्या ते तिनं लिहून ठेवलंय. राहिलेल्या तशाच पुढे घ्यायच्या की पहिल्यापासून, ते आज डॉक्टरांना विचारणार आहे.