टेबललँडवरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात इथं देते. (इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यावर तीन परीक्षा द्यायची घोडेस्वारीची स्पर्धा.) तुम्ही लिहिलंत:

"इव्हेंटिंगच्या स्वारांना, कोचना, पंचांना कुठं कुठं शिष्यवृत्त्या मिळतात त्याची यादी तुम्ही टाकली. माझे पाचगणीच्या टेबललँडवर दोन घोडे आहेत. दहावीतल्या पोरीनं यादी वाचली आणि आठ दिवस डोकं खाल्लं. एकेक तपासली तर एक बी आम्हाला लागू नाही. हा पैसेवाल्यांचा नाहीतर मिलिटरीचा खेळ. आमच्या पोरांना खोटी आशा कशाला लावता मॅडम? आणि पंचाला कसली शिष्यवृत्ती? यादी लांब दिसावी म्हणून भरती केलीय."

आधी चूक कबूल करते. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, सॉलिडॅरिटी योजनेपुढं मी "अर्ज करा" असं लिहिलं होतं. तसा अर्ज साताऱ्यात किंवा पाचगणीत बसून कुणालाच करता येत नाही. ती मदत राष्ट्रीय महासंघामार्फत मागायची असते. ऑलिंपिक सॉलिडॅरिटीचंही तसंच, तिथं देशाची ऑलिंपिक समिती मधे असते. यादी करण्याच्या भरात मी हे वाक्य घाईनं लिहिलं आणि तुमच्या मुलीनं ते खरं मानलं. तिचे आठ दिवस माझ्यामुळं गेले. ते वाक्य आज बदललंय.

आता "एक बी लागू नाही" याबद्दल. अमेरिकेतल्या ज्या शिष्यवृत्त्या मी दिल्या, त्या तिथल्या संघटनेच्या सदस्यांसाठीच आहेत, हे मी ठळक लिहायला हवं होतं. रेबेका ब्रुसार्ड यांच्या नावाचं अनुदान उदयोन्मुख स्वाराला परदेशी स्पर्धेचा अनुभव मिळावा म्हणून आहे. ते टेबललँडवर येणार नाही. मी ते दिलं ते त्यातून पैसा कुठं जातो हे दिसतं म्हणून. इव्हेंटिंगमध्ये पैसा घोड्याच्या मागं धावतो. ड्रेसाज (ठरलेल्या चाली नीट करून दाखवणं), क्रॉस कंट्री (माळरानावरचे अडथळे पार करणं), शो जंपिंग (मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या), तिन्ही परीक्षा एकाच स्वारानं एकाच घोड्यावर द्यायच्या. ऑलिंपिकची पात्रताही स्वार-घोड्याच्या जोडीनं मिळवायची असते. घोडा विकला गेला, लंगडला, मेला, तर स्वार कितीही चांगला असो, त्याला नव्या घोड्यावर पात्रता पहिल्यापासून मिळवावी लागते. कुस्तीत पैलवानाला खुराक लागतो. इथं चंदी खाणाऱ्याचाही खुराक लागतो, नालबंद लागतो, डॉक्टर लागतो, आणि वर त्याला स्पर्धेच्या गावी घेऊन जायचं.

त्यात भारतातला घोडा परदेशी न्यायचा तर रोगमुक्तीच्या मान्यतेचा प्रश्न वर्षानुवर्षं आडवा येत आलाय. मेरठ छावणीतल्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या, म्हणजे लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या पशुवैद्यक विभागाच्या, केंद्राला त्यासाठीची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती 2025 मध्ये. तोवर आपल्या स्वारानं जर्मनीत जायचं, तिथला घोडा घ्यायचा आणि तिथंच राहायचं, हाच रस्ता होता. आपला इव्हेंटिंगचा स्वार फवाद मिर्झा याच रस्त्यानं गेला. मागं बंगळूरच्या एम्बसी समूहाचं पाठबळ होतं, घोडेही त्यांचे. 2018 ला जकार्ताच्या आशियाई खेळात वैयक्तिक रौप्य आणि सांघिक रौप्य. टोकियो ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजनंतर तो नववा होता, मी टीव्हीपुढं उभीच होते. क्रॉस कंट्रीत वेळेचे 11.20 गुण गेले आणि शेवटी 23 वा आला. ऑलिंपिक घोडेस्वारीत भारताचा माणूस दिसायला 2000 च्या सिडनीनंतर 20 वर्षांहून जास्त काळ लागला होता.

सरकारची टॉप्स (टार्गेट ऑलिंपिक पोडियम स्कीम) योजना, दरमहा 50,000 रुपये हातखर्च देणारी, हीही तुम्ही तपासली असेल. ती पदकाच्या टप्प्यात आलेल्यांची आहे. जो आधीच डोंगर चढून गेलाय त्याला वर पाणी मिळतं. पायथ्याशी उभ्या असलेल्याला नाही. इथपर्यंत तुमचं माझं एकमत आहे, आणि तुमच्या रागाचं कारणही मला कळतं.

"मिलिटरीचा खेळ" हेही खरं. 1912 साली स्टॉकहोमला इव्हेंटिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा ते लष्करी अधिकाऱ्यांसाठीच होतं, मुलकी माणसाला पुढं शिरकाव मिळाला आणि बाईला 1964 ला. आपल्याकडं 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळात लष्कराच्या 61 कॅव्हलरी या घोडदळाच्या रघुबीर सिंग यांनी सुवर्ण घेतलं, गुलाम मोहम्मद खान यांनी रौप्य, प्रल्हाद सिंग यांनी कांस्य. वैयक्तिक तिन्ही पदकं आपली आणि वर सांघिक सुवर्ण. पण भाऊ, यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला पटत नाही. तुमचं म्हणणं, मिलिटरीचा म्हणून आपला नाही. अहो, आपला सातारा जिल्हा! आपशिंग्यात घरटी एक माणूस फौजेत. लष्करात गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराला घोडा विकत घ्यावा लागत नाही, तो पागेत उभा असतो. गरिबाला या खेळात शिरायला फौज हीच मोठी शिष्यवृत्ती होती आणि आहे. अडचण एवढीच की तुमची मुलगी आहे, आणि ते दार मुलींना अजून किलकिलंच आहे.

आता पंचांकडं येते, कारण तिथं तुम्ही माझ्यावर भरतीचा आरोप केलात आणि तो मला लागला.

मी घोड्यावर आयुष्यात तीनदा बसले, त्यात दोनदा पडले. शाळेत चाळीस वर्षं खो-खो आणि कबड्डी घेतली. तरी मला इव्हेंटिंगची गोडी लागली ती एका स्पर्धेत अडथळ्याजवळ पंच म्हणून उभी राहिले त्यामुळं. क्रॉस कंट्रीचा मार्ग म्हणजे मैदान नव्हे, माळ, ओढा, झाडी, चढ-उतार. मुख्य पंचाला एका जागेवरून सगळं दिसत नाही, म्हणून अडथळ्या-अडथळ्यावर माणूस लागतो. हातात कागद, गळ्यात शिट्टी. घोडा उजवीकडचं लाल आणि डावीकडचं पांढरं निशाण यांच्या मधून गेला का, बघायचं. अडला तर 20 दंडगुण, त्याच अडथळ्यावर परत अडला तर आणखी 40, तिसऱ्यांदा अडला की बाद. स्वार पडला की बाद. पुढं अपघात झाला असेल तर मागून भरधाव येणाऱ्याला वेळेत थांबवायचं. हे काम चुकलं तर नुसते गुण जात नाहीत, माणूस नाहीतर जनावर जातं. पहिल्या वर्षी मी स्वतःच्या खर्चानं एसटीनं गेले, दिवसभर उन्हात उभी राहिले, दुपारी वडापाव मिळाला. त्याबद्दल तक्रार नाही, वडापाव चांगला होता. पण पुढचा वर्ग दुसऱ्या राज्यात, प्रवास आणि राहणं आपलं आपण. तिथं माझ्या बरोबरीच्या दोघीजणी गळाल्या.

म्हणून पंचांसाठी शिष्यवृत्ती असते. अमेरिकेत रॉजर हॅलर यांच्या नावचा निधी खास इव्हेंटिंगच्या पंच-अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आहे. 'वर्थ द ट्रस्ट' नावाची शिष्यवृत्ती हौशी स्वारांना मिळते, पण तिचा पैसा कोर्स डिझायनरच्या, पंचाच्या किंवा आयोजकाच्या हाताखाली शिकायलाही वापरता येतो. मला त्यातलं हेच आवडलं. तिथल्या लोकांना कळलंय की स्वार तयार केला आणि त्याच्यासाठी अडथळे नीट आखणारा माणूस तयार केला नाही, तर तो स्वार मरेल. आपल्याकडं असा निधी कुणी काढेल का? कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे, म्हणजे सीएसआरचा, कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचा, पैसा त्यावर खर्चता येतो. मी एका कारखान्यात हे सांगायला गेले होते. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, रेसचं काम आम्ही करत नाही, जुगार असतो." अर्धा तास बोलून मी त्यांना ड्रेसाज म्हणजे काय ते सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पण घोडा पहिला आला तर किती मिळतात?" मी चहा घेऊन परत आले.

तर यादी तुमच्या मुलीच्या बाजूनं परत वाचूया. टेबललँडवर वाढलेल्या मुलीची मांड पक्की असणार. पर्यटकाचं पोर रडायला लागलं, शेजारी फुगा फुटला, तरी घोडा बुजू न देणं, हे ती शाळेत शिकलेली नाही आणि शिकवूनही येत नाही. खरारा, खूर साफ करणं, घोडा दुखऱ्या पायावर जोर टाकत नाही हे चालीवरून ओळखणं, हे तिला तुमच्यामुळं येतं. मोठ्या शहरातल्या क्लबात महिन्याची फी भरून येणाऱ्या पोरांना ते बरेचदा येत नाही, त्यांच्यासाठी मोतद्दार असतो. तिच्याकडं नाही तो स्पर्धेचा घोडा. मग ज्या वाटेवर स्वतःचा घोडा लागत नाही ती आधी धरायची. तशा वाटा प्रशिक्षक, पंच, कोर्स डिझायनर आणि पशुवैद्य अशा आहेत.

पशुवैद्य मी मूळ यादीत घातलाच नव्हता, आणि ही माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. इव्हेंटिंगमध्ये घोड्याची तपासणी होते, सगळ्यांसमोर त्याला दुडक्या चालीनं पळवतात आणि पंच व डॉक्टर ठरवतात की हा उतरणार की नाही. तिथं डॉक्टरच्या शब्दाला किंमत असते. पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून किती लांब आहे? शिरवळला. घाट उतरला, वाई सोडली, हायवेला लागलात की आलंच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं. बारावी विज्ञान, जीवशास्त्र आणि 'नीट' ही प्रवेश परीक्षा, एवढं लागतं. आणि इथं शिष्यवृत्ती खरोखर लागू पडते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या आर्थिक मागास, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींचं शिक्षण शुल्क, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, राज्यानं 2024 पासून पूर्ण माफ केलंय आणि त्यात पशुसंवर्धन विभागाचे अभ्यासक्रम धरलेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. सगळं महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर. त्यासाठी कुठल्या महासंघाची शिफारस लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तलाठ्याच्या अहवालावर तहसीलमधून मिळतो. आणि वर सांगितलं ते किलकिलं दार: रिमाउंट व्हेटर्नरी कोअरनं 2023 पासून महिला अधिकारी घ्यायला सुरुवात केलीय, त्याला हीच पदवी लागते.

तुम्ही म्हणाल, पोरीला घोड्यावर बसायचंय आणि मॅडम तिला पुस्तकात बसवतायत. हो, थोडं तसंच आहे. स्वार व्हायची तिची इच्छा मोडा असं मी म्हणत नाही. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत बाई-पुरुषांचे वेगळे गट नाहीत, आणि अंगातली मांड शिकण्याच्या काही वर्षांत जात नाही. पण "अर्ज कर, शिष्यवृत्ती मिळेल, मग स्वार होशील" हा क्रम मी सुचवला होता, तो चुकीचा होता. तिनं आधी घोड्यांच्या जवळची अशी जागा मिळवावी की तिथून तिला कुणी हाकलू शकणार नाही. तबेल्यात ज्याचं काम असतं त्याला घोडाही फिरवायला मिळतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

एक विचारायचं राहिलं. दहावीनंतर तिनं विज्ञान घ्यायचं ठरवलंय का, की कॉमर्सला नाव घातलंय? घातलं असलं तरी प्रवेश बदलायला वेळ असतो. आणि पुढच्या वेळी स्पर्धेला पंचाच्या कामासाठी जाईन तेव्हा ती माझ्याबरोबर आली तर चालेल का, तेही कळवा. अडथळ्याजवळ दोन माणसं लागतात, एकानं लिहायचं आणि एकानं बघायचं. माझी नजर आता कमी झालीय, लिहायचं काम मी करीन.