चार शैली आणि एक लाइटवाला फुगा

अमेरिकेत बर्कलीला डायना बाउमरिंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. १९६०च्या दशकात त्यांनी बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप निरखून पालकांचे तीन प्रकार सांगितले. पहिले हुकूमशहा. दुसरे लाडोबा घडवणारे. तिसरे नियम पक्के ठेवून वर त्याचं कारणही सांगणारे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या दोघांनी चौथा प्रकार जोडला: पोराकडे लक्षच नसलेले.

हे चारही प्रकार ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या वन बीएचकेत एकत्र राहतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त. "१८५३ साली देशातली पहिली पॅसेंजर गाडी ज्या ठाण्यात आली, तिथं एक पोर साडेनऊला झोपू शकत नाही?" हा त्यांचा रोजचा सवाल. आई दुसऱ्या प्रकारातली. (मी लहान असताना नव्हती. तेव्हा लाटणं हाताशी असायचं.) बायको तिसऱ्या. चौथ्यात मी आहे, यावर घरात दुर्मीळ एकमत आहे.

तर परवाच्या रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे तलावपाळीवर गेलो. तिथं मूल घेऊन जाणं सोपं. परत आणणं हे खरं काम. मासुंदा तलावाच्या कडेनं फुगे, गोळे, कणसं, होडीची तिकिटं, सगळं बरोबर पाच वर्षांच्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर.

कन्येला लाइटवाला फुगा दिसला.

"मिळणार नाही," अण्णा म्हणाले. "आणि का म्हणून विचारायचं नाही."

कडक घरांतली मुलं बाउमरिंडबाईंना असमाधानी, तुटक आणि संशयी आढळली होती. कन्या तिथल्या तिथे तिन्ही झाली. मग आजीचा हात धरला आणि तिला एकाएकी सँडलचा पट्टाही लावता येईना. लाडावलेल्या मुलांना स्वतःचं स्वतः काही जमत नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. आजीनं पट्टा लावला आणि पदराआडून फुगा घेतला.

बायको भर गर्दीत उकिडवी बसली. "आपलं घरून काय ठरलं होतं? होडी किंवा फुगा. दोन्ही नाही."

"फुगा आजीचा आहे. मी फक्त धरलाय. माझी होडी."

या शैलीतली मुलं स्वावलंबी होतात आणि स्वतःवर ताबा ठेवतात म्हणे. ताबा होताच. वकिलालाही इतका नसतो. बायकोनं कारण मागायला शिकवलं होतं, आता कारण ऐकून घेणं भाग होतं. होडीही झाली.

मग मी. मी फोनवर ऑफिसचा ग्रुप बघत होतो. (रविवारी ग्रुपवर बोलणारे बॉस हा पाचवा प्रकार कुणीतरी नोंदवायला हवा.) शर्ट ओढला गेला. "बाबा, स्कॅन कर." मी स्कॅन केलं. मान वर केली तेव्हा काला खट्टा तिच्या कोपरापर्यंत पोचला होता.

म्हणजे तासाभरात एकाच मुलीनं चार घरांतली चार मुलं होऊन दाखवली. बाईंचं संशोधन मोठं, पण एका पोराला चार हात धरायला असले की काय होतं, हे पाहायला त्यांनी ठाण्यात यायला हवं होतं. अण्णांच्या बाजूनंही बोलायला माणूस आहे बरं का: रूथ चाओ या संशोधक बाईंनी १९९४ मध्ये मांडलं की चिनी घरांतला कडकपणा नुसती हुकूमशाही नसतो, त्यात मुलाला घडवण्याची काळजी असते. हे मी अण्णांना सांगितलेलं नाही. आणखी जोर चढेल.

पाच माणसं म्हणजे दोन रिक्षा. कोण कुठं बसणार, ते कन्येनं ठरवलं. तिची आई, आजी, ती आणि फुगा पुढच्या रिक्षात. मागच्या रिक्षात अण्णा आणि मी.

"गोळ्याचे पैसे कुणी दिले?" अण्णांनी विचारलं.

वय वर्षं एक्केचाळीस. नितीन कंपनीच्या सिग्नलला मी बाहेर बघत बसलो होतो, असमाधानी, तुटक आणि संशयी.

"आजीनं," मी म्हणालो.