कट्टा उचलायलाही शिकवावे लागते

आज दुपारी हळदीच्या यार्डात एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा, कामावर येऊन दुसराच दिवस झालेला, कट्टा, म्हणजे हळदीचे भरलेले पोते, उचलता उचलता कंबर धरून तसाच पोत्यांच्या थप्पीला टेकला, आणि मुनीम वहीतून मानही वर न करता म्हणाले, "आजकालच्या पोरांत दमच राहिला नाही." चार जण हसले. मी हसलो नाही, पण तोंडातून एक शब्दही काढला नाही, आणि त्याचाच राग स्वतःवर काढत आता रात्री हे लिहीत बसलो आहे.

तुम्हा मित्रांना ठाऊकच आहे की बी.एड. होऊन सहा वर्षे शिक्षक भरतीची वाट पाहिल्यावर मी गेल्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या यार्डात हमालीला लागलो. तिसऱ्याच दिवशी माझ्या कमरेत उसण भरली. कळ डाव्या मांडीतून थेट पोटरीपर्यंत उतरत होती आणि सकाळी बाजेवरून उठायचे तर आधी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठावे लागत होते. घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. आत्याबाई पायाळू माणूस शोधायला निघाल्या, की त्याने पाठीवर लाथ मारली म्हणजे चमक जाते. आईने हळदीचे दूध सुरू केले. दिवसभर नाकातोंडात हळद, घामात हळद, धुतलेल्या बनियनला हळद, आणि रात्री पुन्हा पेल्यात हळद! पी हळद अन् हो गोरी, असे पाठीचे नसते हो.

पहिल्या डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले. रोजंदारीच्या माणसाला तीन आठवडे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायचे? दुसऱ्यांनी उलट सांगितले, की पडून राहिल्याने पाठ अधिकच आखडते, झेपेल तेवढे चालत राहा. मात्र पायातली ताकद जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे मला पटले.

पण माझी पाठ खरी वाचवली ती यार्डातल्या एका जुन्या हमालाने. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. चार दिवसांनी मी वाकडातिकडा होऊन कामावर परतलो तेव्हा त्यांनी माझा एकच कट्टा पाहिला आणि हाक मारली, "गुरुजी, पाठीनं उचलू नका. आधी बसा, त्याला छातीशी घ्या, अन् मग मांड्याच्या जोरावर उठा. वळायचं झालं तर पाय वळवा, कंबर नाही." मग स्वतः करून दाखवले. एक हात कट्ट्याच्या खालच्या कानाखाली, दुसरा वरच्या कानाला, एक पाऊल किंचित पुढे, आणि कट्टा अंगाला असा चिकटलेला की मध्ये हवा जायला जागा नको. सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील. मी शिकवायचे कसे हे शिकण्यात दोन वर्षे घालवली, आणि ज्या कामावर माझे पोट आहे त्याची दोन मिनिटे तीन दिवसांत कोणालाही सुचली नव्हती.

सकाळच्या पहिल्या गाडीला मामा घाई करू देत नाहीत. डॉक्टरांनी नंतर मला सांगितले की रात्रभर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्याउठल्या वाकून जड उचलणे धोक्याचे. मामांनी हे कुठे वाचलेले नाही.

आणि आपल्याकडे कायदे नाहीत असेही नाही. माथाडी-हमालांसाठी राज्याने १९६९ सालीच कायदा केला. त्याच्याही आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारात स्पष्ट लिहिले गेले, की ओझे वाहण्याच्या कामावर लावण्याआधी माणसाला ते वाहण्याची रीत शिकवावी. सोबतच्या शिफारशीत पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. आमचा कट्टा पन्नासच्या आगेमागे असतो, म्हणजे वजनाचे निभावले. शिकवण्याचे काय? तिथे मात्र "दम नाही" हे दोन शब्द पुरतात. पाठ दुखणे म्हणजे जणू चारित्र्यातली खोट! म्हणूनच पोरे दुखणे लपवतात, वेदनेची गोळी चहाबरोबर गिळतात आणि दुपारी थप्पीला टेकतात.

मुनिमांनाही अंधार पडायच्या आत गाड्या रिकाम्या करून द्याव्या लागतात, हे मान्य. तेही कोणाचे तरी ऐकूनच घेतात.

हे इतके लिहिल्यावर राग थोडा निवळला आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मघाशी सांगणार नव्हतो. मामा स्वतः सदऱ्याखाली कमरेला पट्टा आवळून येतात. मला ते गेल्याच महिन्यात, हातपाय धुताना दिसले. त्यांनी लगेच सदरा खाली ओढला आणि मीही पाहिले नाही असे दाखवले. ज्यांनी मला वाचवले त्यांना वयाच्या विशीत कोणी काय शिकवले असेल, हे विचारायचे धाडस अजून झालेले नाही.

आज संध्याकाळी काटा बंद झाल्यावर मामांनी माझ्याकडून त्या मुलाचा नंबर लावून घेतला आणि मोबाइल कानापासून दूर धरून, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात त्याला म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीच्या आधी ये. रिकाम्या बारदानावर दाखवतो. अन् नुसतं दूध पिऊन येऊ नको, भाकर खाऊन ये."